चौदाव्या पानावरची ओळ

"अरे एवाल्ड, गावाला सातशे वर्षं झाली म्हणून पुस्तिका काढतोय आपण. लग्नघरात मयताच्या गोष्टी कशाला?" असं म्हणत नगराध्यक्ष हार्टविगने माझ्या एका ओळीवर फुली मारली. '१९३८: ज्यूंचं प्रार्थनामंदिर जळालं', एवढीच ओळ होती.

मी तरी कसला शूर! नगरपालिकेत कारकुनी करण्यात जन्म गेला, मान डोलावली. पुस्तिका छापून आली. सालापुढे एकेक ओळ. प्लेग, गिरणी, रेल्वे. '१९३८: अग्निशामक दलाला नवा पंप मिळाला.' झालं!

उत्सवाच्या सकाळी हान्ना नुसबाउम आली. आमच्या गल्लीतल्या कापडवाल्याची मुलगी, पन्नास वर्षांनी, परदेशातून. चौकात बँड वाजत होता, लोक सॉसेज खात होते. मी पुस्तिका वाटत बसलो होतो, त्या टेबलापाशी उभी राहून तिने एक प्रत चाळली आणि चौदाव्या पानावर थांबली.

"पंप खरंच झकास होता रे," ती म्हणाली. "मंदिर जळतंय, आणि पाणी नुसतं शेजारच्या छपरांवर! भोंगा ऐकला आणि बाबा हेल्मेट घालून धावले. वीस वर्षांची सवय. ज्यू म्हणून आपल्याला दलातून काढलंय हे विसरलेच बघ. तुझ्या वडिलांनी सगळ्यांदेखत ते त्यांच्या डोक्यावरून उतरवलं."

माझे वडील दलाचे प्रमुख होते. तेव्हा सगळे हसले, आणि मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला आजही झोपू देत नाही.

"ते हेल्मेट आमच्या माळ्यावर आहे," मी कसाबसा बोललो.

घरी जाऊन घेऊन आलो. आतल्या चामडी पट्टीवर शाईने तिच्या वडिलांचं नाव होतं. तिने त्यावरून अंगठा फिरवला.

"घेऊन जा ना," मी म्हणालो.

"मी कुठे ठेवू? बाबांची खुंटी इथे होती, दलाच्या खोलीत." हेल्मेट माझ्या हातात ठेवून ती स्टेशनकडे गेली. मागे वळून पाहिलं नाही, आणि का पाहावं तिने?

"एवाल्ड, ये की, बिअर कोमट होतेय!" हार्टविग ओरडला.

मी गेलो नाही. हेल्मेट टेबलावर ठेवलं, पेन काढलं, आणि पंपाच्या ओळीखाली लिहिलं: 'प्रार्थनामंदिर जळत होतं. पंप होता. आम्ही विझवलं नाही. दलप्रमुख माझे वडील.'

पुस्तिकांचे अजून तीन गठ्ठे होते. बँड थांबला, लोक पांगले. हार्टविग येऊन वाचून गेला. हात दुखायला लागला तेव्हा हेल्मेट जरा बाजूला सरकवलं आणि पुढची प्रत उघडली.