बनुबाईंचं डोकं

बनुबाईंच्या रक्षाविसर्जनाला कुंडलच्या स्मशानभूमीत माइक लावला होता. लावणारा परका नव्हता, त्यांचा मुलगा जयराजच होता. पंचक्रोशीतल्या मिरवणुका त्याच्या साउंडवर नाचत. आईच्या कार्याला त्यानं दुसऱ्याचा माइक आणला असता, तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं.

रक्षा सावडून झाली, निवदाची पानं मांडली आणि माणसं कावळ्याची वाट बघत बसली. कावळा शिवल्याशिवाय उठता येत नाही. रिकाम्या वेळेचं करायचं काय, म्हणून श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली.

बनुबाईंची मुलगी संयोगिता बायकांत बसली होती. ती सांगलीला, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात शिकवायची. मघापासून तिच्या डाव्या डोळ्यापुढे करवतीच्या दात्यांसारखी चमकती रेघ नाचत होती. त्या रेघेमागून काय येतं ते तिला ठाऊक होतं. आईकडून तिला दोन गोष्टी यायच्या होत्या, मोहनमाळ आणि अर्धशिशी. मोहनमाळ अजून वाटणीत अडकली होती. अर्धशिशी मात्र बिनबोभाट नावावर झाली होती.

बनुबाईंचं डोकं जन्मभर दुखलं आणि जन्मभर घरानं त्यावर मत दिलं. नवरा फौजेतून सुभेदार होऊन आलेला. "फौजेत डोकं दुखत न्हाई," आबा म्हणायचे, "गोळी लागली तर सांगायचं." शेवंताआत्याच्या मते ते पित्त होतं. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खाल्ली की पळालं. जिलेबी आत्याच आणायची आणि बरीचशी आत्याच खायची. बनुबाई कपाळाला पदर आवळून, डोळे मिटून भाकरी थापत. भाकरी गोल व्हायची, त्यामुळे डोकं फारसं दुखत नसावं असं सगळ्यांना वाटे. लग्नाच्या मांडवातून उठून गेल्या तर त्या गर्विष्ठ ठरत. बसून राहिल्या तर 'बघा, कुठं काय झालंय?' अगदीच सोसेना झालं की त्या पेंडीच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन पडत. भिंतीपलीकडं जयराज नवे बॉक्स वाजवून बघत असे.

सांगलीत संयोगिताचं फार वेगळं नव्हतं. तिथं पित्ताला स्ट्रेस म्हणत आणि जिलेबीऐवजी योगा सुचवत. "परत डोकं?" प्राचार्य विचारत, "काल तर हसत होता मॅडम." त्यामुळे ती रजेच्या अर्जात ताप लिहू लागली होती. तापावर लोकांचा विश्वास असतो.

पानावर बनुबाईंच्या आवडीचं मांडलं होतं, म्हणजे ज्याला जे आवडतं ते. आबांनी कडक चहा ठेवला, आत्यानं मिश्री, जयराजनं भडंग. आईला काय आवडायचं, हे संयोगितालाही चटकन आठवेना. दोन कावळे लिंबावरून उतरत, आणि माइक किंचाळला की पुन्हा लिंबावर जात.

माइक आप्पासोंच्या हातात होता. ते कारखान्याचे माजी संचालक. कुणी गेलं की ते येत आणि माइक सोडत नसत.

"वैनींनी कवा तक्रार केली न्हाई!" आप्पासो गरजले. "कवा म्हणून दमल्या न्हाईत! हसतमुख बाई!"

प्रत्येक शब्द संयोगिताच्या डोळ्यामागं खिळ्यासारखा शिरत होता. तिनं पदरानं तोंड झाकलं. "लेकीला लय लागलं बघा," मागून कुणीतरी हळहळलं. उन्हातून उठून सावलीत जावं असं तिला वाटलं, पण ती आईचीच लेक होती. बसून राहिली.

ऊन चढलं, तरी कावळा येईना. कुजबुज सुरू झाली.

"जीव कशात तरी अडकलाय म्हातारीचा."

"आवं आबा, कायतरी कबूल करा की."

आबांनी घसा खाकरला. "नातवाला फौजेत घालतो!" कावळे हलले नाहीत.

"मी रोज येऊन दिवा लावीन गं!" आत्या म्हणाली. ती तिकडं लांब शिराळ्याला राहायची.

"वैनींच्या स्मरणार्थ," आप्पासोंनी संधी साधली, "भव्य ढोल-ताशा स्पर्धा! पैलं बक्षीस माझ्याकडनं!"

जयराजला हुंदका आवरेना. त्यानं माइक ओढून घेतला. "आये! नव्या गाडीला तुजं नाव घालतो! बनुबाई साउंड! सगळ्या जिल्ह्यात तुजा आवाज करतो!"

स्पीकर असा किंचाळला की कावळे लिंबही सोडून गेले.

संयोगिता उठली. एका डोळ्यानं वाट शोधत ती बॅटरीपाशी गेली आणि वायर उपसली.

"आईचं डोकं दुखतंय," ती म्हणाली. "जरा गप्प बसा."

"आगं, मेलेल्या माणसाचं..." आत्या बोलू लागली आणि थांबली. मग कुणीच काही बोललं नाही. लांबून कुठूनतरी विहिरीवरच्या मोटरीचा आवाज येत होता, तेवढाच. संयोगिता स्मशानातल्या शेडच्या खांबाला कपाळ टेकून उभी राहिली. लोखंड गार होतं. आईला हेच आवडायचं, तिला आठवलं. गार भिंत आणि कुणी न बोलणं. पानावर मांडण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

एक कावळा आला. त्यानं चहा ओलांडला, मिश्री ओलांडली आणि साध्या भाताला चोच लावली.

"शिवला!" आप्पासो ओरडले. "सांगत हुतो का न्हाई? स्पर्धेचं नाव काढलं आन् शिवला!"

माणसं भराभर उठली, चपला शोधू लागली. संयोगिता खांबाशी ओकली. जयराज वायर गुंडाळता गुंडाळता थबकला आणि जवळ आला.

"लय दुखतंय?"

तिनं मान डोलावली.

"आईचं... असंच हुतं?"

"असंच. भिंतीच्या पलीकडं."

त्यानं हातातली वायर खाली ठेवली. तेवढ्यात आप्पासो मोठ्यानं विचारत आले, "काय झालं रं पोरीला?"

जयराजनं ओठांवर बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो आवाज खाली करून बोलला. "हळू, आप्पा. डोकं दुखतंय तिचं."

"हात्तिच्या!" आप्पासो म्हणाले. "पित्त असंल. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी..."

तीन दिवसांत संयोगिता पहिल्यांदाच हसली. हसल्यावर जास्तच दुखलं.