आई सापडल्या

सासूबाईंना दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमात सोडायचे होते, म्हणून त्या रविवारी सगळे घर चीनमधल्या ग्वांगचौ शहराच्या बाजारात उतरले आणि लग्न निघाल्यासारखी खरेदी सुरू झाली. क्वोकमिंगच्या मनाला काही लागले की तो दिसेल ते विकत घेत सुटायचा. आईसाठी त्याने टॉवेल घेतले, थर्मास घेतला, उन्हाळा तोंडावर असताना लोकरी मोजेसुद्धा घेतले. त्याची बायको लायफान पिशव्या सांभाळत मागून चालत होती आणि मनातून अगदी विटून गेली होती. वर्षभर सासूबाईंनी तिला ओळखले नव्हते. जेवायचे तिच्याच हातून, न्हायचे तिच्याच हातून, आणि मग शेजारणीला विचारायचे, की ही कामाची बाई आपल्या घरी कधी जाणार? लायफान आधी आधी हसण्यावारी न्यायची. पुढे हसू येईनासे झाले, आणि वृद्धाश्रमाचा विषय शेवटी तिनेच काढला.

मॉलमधल्या चपलांच्या दुकानात नवराबायकोचे वाजलेच.

"लाल नको," लायफान म्हणाली. "तळ गुळगुळीत आहे. पडल्या तर धावत कोण येणार, तू की मी?"

"उद्यापासून आपल्यापैकी कुणीच नाही," तो म्हणाला.

लायफानने लाल जोड परत फळीवर ठेवला. दोघांनी वळून पाहिले तर सासूबाईंना बसवलेले स्टूल रिकामे होते.

मुलगी चीयान प्रसाधनगृहाकडे पळाली, क्वोकमिंग सरकत्या जिन्याकडे. लायफान गर्दीत मधोमध उभी राहिली. ती घाबरली होती हे खरे, पण त्याच्याही आधी, क्षणभरच, तिला सुटल्यासारखे वाटले होते. त्याची तिला इतकी लाज वाटली की ती माणसांना ढकलत, मोठमोठ्याने हाका मारत, एकेक मजला पालथा घालू लागली.

आई सापडल्या त्या सर्वांत वरच्या मजल्यावरच्या चहाघरात. खिडकीजवळचे गोल मेज धरून, पाठ ताठ करून त्या बसल्या होत्या.

"किती वेळ रे क्वोकमिंग? भुकेने जीव चाललाय माझा. आणि चीयान, ते केस बांध आधी, झिपऱ्या वाटीत येतील."

वर्षभर चीयानला त्या आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारत होत्या. क्वोकमिंग खुर्चीत कोसळला आणि चारचौघांत लहान मुलासारखा रडू लागला. मग त्या लायफानकडे वळल्या.

"बस गं. सगळ्यांत जास्त दमलीस ती तूच."

इतक्या वर्षांत हे वाक्य ऐकायला मिळेल ही आशाच तिने सोडून दिली होती. तिने रीतीप्रमाणे वाट्या गरम चहाने विसळल्या आणि सगळ्यांत आधी सासूबाईंच्या पेल्यात चहा ओतला.

चहा ओतणाऱ्याचे आभार मेजावर टकटक करून मानायचे. वडीलधाऱ्याने एका बोटाने, बरोबरीच्याने दोन बोटांनी, आणि धाकट्याने मूठ वळून. या शहरात हे पोरासोरांनाही शिकवावे लागत नाही. सासूबाईंनी सुनेसाठी ते एक बोटही कधी हलवले नव्हते. आज त्यांनी मूठ वळली आणि मान किंचित लववून, परक्या घरी आसरा मिळालेल्या माणसासारखे, त्या मुठीने मेजावर हळूच टकटक केले. लायफानने नवऱ्याकडे पाहिले. त्यानेही ते पाहिले होते, पण तो घाईघाईने खाण्याची यादी वाचू लागला.

बांबूच्या टोपल्यांतून वाफाळते पदार्थ आले. सासूबाईंनी कोंबडीचे पाय आवडीने मागून घेतले आणि दातांनी हाडे साफ करून वाटीच्या कडेला नीट मांडली.

"आजी, तुझी कवळी तर घरी पेल्यात..." चीयान म्हणाली.

"गप्प जेव," तिचा बाप म्हणाला.

मुलीने वाटी पुढे ओढली. जेवण मात्र रंगले. आईंनी शेजारणीची नक्कल केली, मोज्यांवरून मुलाची टर उडवली, आणि लायफान डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. असे हे घर कितीतरी दिवसांत जेवले नव्हते.

"उद्या कुठे जायचे नाही," क्वोकमिंग म्हणाला. "आई बरी झाली आहे. हो ना, लायफान?"

"हो," लायफान म्हणाली. "आता चांगल्या बऱ्या आहेत." तसे म्हणताच तिच्या अंगावरचे ओझे खरोखरच उतरले आणि तिला सपाटून भूक लागली.

तेवढ्यात छतावरच्या कर्ण्यातून एका मुलीचा आवाज आला. तळमजल्यावर चौकशीच्या खिडकीपाशी एक आजी बसून आहेत. त्यांना स्वतःचे नाव सांगता येत नाही. लायफानला बोलवा, माझ्या लायफानला बोलवा, एवढेच त्या म्हणत आहेत. त्यांच्या घरच्यांनी कृपया खाली यावे.

क्वोकमिंग चहात पाहत राहिला. चीयान लायफानकडे पाहत राहिली. समोरच्या बाईंनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. त्या नुसत्या लायफानच्या तोंडाकडे बघत थांबल्या.

सूचना पुन्हा सुरू झाली, तशी लायफानने कोळंबीची शेवटची टोपली त्यांच्यापुढे सरकवली.

"घ्या ना, आई," ती म्हणाली. "निवतंय."