बापाने आणलेली पावडर

निकाल लागल्याची आरोळी रस्त्यावरून आली आणि एकुवा मॅडमच्या शिवणदुकानातली सगळी मशिनं एकदम थांबली. अराबाच्या हातातली सुई हातातच राहिली. बाहेरून परीक्षेला बसून तिने एकच विषय दिला होता, गणित. पण त्या एका विषयापायी नर्सिंग कॉलेजचं दार दोन वर्षं बंद होतं.

पहिल्या खेपेला परीक्षा तोंडावर आली असताना तिचा बाप कोबिना समुद्रावर गेला, तो परत आलाच नाही. पास झालेल्याच्या डोक्यावर अंगाला लावायची पावडर ओतायची गावची रीत, म्हणून जाण्याआधी मोठ्या ऐटीत त्याने पावडरचा डबा आणून ठेवला होता. "पोरगी पास झाली की मीच ओतणार हिच्या डोक्यावर. आईने हातसुद्धा लावायचा नाही!" असं त्याने गल्लीभर सांगितलं होतं. अराबा पेपराला बसली खरी, पण डोळ्यांपुढे आकड्यांऐवजी लाटाच दिसत होत्या. व्हायचं तेच झालं. डबा कपाटावर गेला. तो कुणी उघडला नाही आणि टाकूनही दिला नाही.

आज तोच डबा कमरेच्या कापडात खोचून आई दारात उभी होती. मासे धुरवायच्या भट्टीवरून तशीच धावत आली होती, कपाळावर काजळी.

"आई, तो कशाला आणलास? आधी निकाल तर बघू दे!"

"मी कुठे उघडलाय? नुसता आणलाय," आई म्हणाली.

निकाल बघायचं कार्ड अराबाने सकाळीच घेऊन ठेवलं होतं. वरचा थर खरवडला की खाली गुप्त क्रमांक. पण तिचं नख नुसतंच थरावरून घसरत होतं.

"आण इकडे, तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही," म्हणत मॅडमनी कार्ड ओढलं आणि हातातल्या कात्रीच्या टोकाने असं काही खरवडलं, की थराबरोबर शेवटचा आकडाही बहुतेक निघून आला.

"मॅडम!"

"ओरडू नकोस! कालच धार लावून आणलीय, मी काय करू?"

कोपऱ्यावरच्या दुकानातली कार्डं एव्हाना संपली होती. "सात घाल गं, सात!" शिवणाऱ्या पोरींपैकी एक ओरडली. "सात कसला? तीन!" दुसरी म्हणाली.

अराबाने कार्ड उजेडात धरलं. इंग्रजी आकड्याची वरची गोलाई तेवढी उरली होती, डावीकडे खाली वळलेली. "वर गोल, म्हणजे एक, चार, पाच, सात गेले. दोन आणि तीन डावीकडे उघडे, तेही गेले. उरले शून्य, सहा, आठ, नऊ."

मॅडम तिच्याकडे बघतच राहिल्या. "आणि ही म्हणे गणितात नापास!"

मग एकेक आकडा तिने फोनवर घालून पाहिला. शून्याला फोनने नकार दिला. सहालाही. आठ टाकला आणि पडद्यावरचं चाक फिरायला लागलं, ते थांबेचना. मग तिचं नाव आलं. नावाखाली गणित, सी चार. कॉलेजला सी सहासुद्धा पुरला असता, हा तर त्याच्याहून वरचा!

पहिली किंकाळी मॅडमची. "आता माझी काजंबटणं कोण करणार, कार्टे!" म्हणत त्यांनी तिला मिठीच मारली.

आईने डबा उलटा केला. काही पडेना. समुद्राच्या दमट हवेत पावडरचा दगड झाला होता. मॅडमनी पुन्हा कात्री उचलली, झाकण उचकटलं, आणि भलामोठा गोळा अराबाच्या डोक्यावर फुटला. मशिनवरचा नवरीचा निळा झगा पांढराफटक झाला.

"गिऱ्हाइकाचं कापड!" मॅडम ओरडल्या आणि त्यांनीच आणखी मूठभर उधळली.

डब्यात उरलेलं ढेकूळ आईने दोन्ही हातांनी चुरलं. "हात लावू नकोस म्हणाला होता. लावतेय मी," असं म्हणून ती रडत रडत हसली. "ही त्याची." मग लेकीचे गाल चोळले. "आणि ही माझी."

अराबा तशीच किनाऱ्याकडे पळत सुटली. मंगळवारी समुद्रावर जायचं नाही असा नेम, त्यामुळे आज सगळ्या होड्या वाळूवर होत्या आणि बापाचे सोबती जाळी विणत बसले होते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झालेली पोर येताना दिसली, तेव्हा काय झालं म्हणून कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्या एबोने वल्हं उचललं आणि होडीच्या कडेवर हाणलं. शेजारच्या होडीवर दुसऱ्याने हाणलं, मग तिसऱ्याने, आणि बघता बघता सगळा किनारा दणाणला.

"कोबिना, तुझी पोरगी पास झाली रे!" एबो ओरडला, समुद्राकडे तोंड करून.