नम्र सूचना

वडिलांनी तवा नळाखाली धरला आणि तोटी पूर्ण सोडली. धार तव्यावर आपटून उलटी उडाली. ओटा भिजला, भिंत भिजली, त्यांचा सदराही भिजला. मग तवा बाजूला ठेवून त्यांनी कढई पालथी केली आणि त्याच धारेखाली धरली. पाणी कढईच्या पाठीवरून दोन्ही अंगांनी घसरून मुकाट खाली गेलं.

"पाणी म्हणजे सुरुंग," ते म्हणाले. "तो खालून वर येतो, एवढाच फरक. आणि आम्हाला दिलाय तवा."

आईने त्यांच्या हातातून कढई काढून घेतली आणि फडकं त्यांच्या पायाशी टाकलं. सुरुंग पुसून घ्या म्हणाली.

लेक जेवणाच्या टेबलाशी छापील कागद घेऊन बसली होती. चिलखती गाड्या चालवणाऱ्या प्रत्येक सैनिकाकडून तो भरून मागवला होता. वर मथळा होता, 'वाहनाच्या सुरक्षिततेबाबत चालकाचे अभिप्राय', आणि खाली बारा रिकाम्या ओळी. वडिलांची रजा संपली होती. उद्या सकाळी ते तळावर परतणार होते आणि कागद सोबत न्यायचा होता. त्यांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे, म्हणून घरातलं सगळं लिहिणं वर्षानुवर्षं तिच्याकडे होतं. ती पाठ्यपुस्तकांचं संपादन करायची. वडील तिला 'संपादकबाई' म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे तिने कधी तपासलं नव्हतं.

"लिहा, संपादकबाई."

फरशी पुसता पुसता ते सांगू लागले. गाडीचं पोट सपाट आहे, त्यामुळे स्फोटाचा सगळा जोर सरळ वर येतो. वरून जादा पत्रे ठोकलेत. दार इतकं जड झालंय, की गाडी कलंडली तर दोघांनी खांदा लावूनही उघडत नाही. रिमोटच्या सुरुंगाचा सिग्नल अडवणारी एक पेटी दिली आहे. ती चालू केली की आपलाच वायरलेस मुका होतो, आणि चाकाच्या वजनाने फुटणाऱ्या सुरुंगाला त्या पेटीचं सोयरसुतक नाही. ड्रायव्हर लोकांत दोन तट आहेत. एक म्हणतात भरधाव जा, फुटला तर मागे फुटेल. दुसरे म्हणतात माती बघत बघत जा. ते स्वतः पुढच्या गाडीच्या चाकोरीत चाक ठेवतात, आणि आपणच सगळ्यात पुढे असलो की शिव्या देत जातात. पायाखाली वाळूच्या पिशव्या त्यांनी आपल्या हाताने टाकल्यात. मागे बसलेली पोरं पाय उचलून घेतात, तेवढाच हाडांना आधार. ड्रायव्हरने पाय कुठे घ्यायचे? पाय तर पेडलवरच हवेत.

बोलता बोलता त्यांचा आवाज चढत गेला. शेवटी ते उठून उभे राहिले, हातात ओलं फडकं तसंच.

"आता हे जसंच्या तसं लिही. ज्या गाढवाने ही गाडी पास केली, त्याला माझ्या सीटवर बसवा आणि त्या रस्त्यावरून एकदा आणा. मागाहून त्याचे पाय गोळा करायला मी येतो."

पेन कागदावर टेकलेलं होतं. तिने लिहिलं: 'वाहन एकंदरीत समाधानकारक आहे. तळाच्या रचनेबाबत अधिक विचार व्हावा, ही नम्र सूचना.' मग अक्षर जरा मोठं काढून आणखी दोन वाक्यं घातली, वरिष्ठांच्या मार्गदर्शनाबद्दल.

"वाच बघू."

ती कागदावर नजर ठेवून वाचू लागली. सपाट पोट, जड दार, मुकी पेटी, गाढव, पाय. सगळं त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच क्रमाने. कागदावर त्यातलं काहीही नव्हतं. वडील मान डोलवत ऐकत होते.

"बारा ओळींत बसवलंस सगळं?"

"बसवलं."

"शिकल्याचा उपयोग आहे म्हणायचा," असं आईला ऐकवून त्यांनी सही ठोकली.

निवृत्तीला आठ महिने राहिले होते. शेवटी शेवटी त्यांच्यावर कुणाची नाराजी नको, असं तिने स्वतःला सांगितलं आणि कागद पाकिटात घातला.

अठराव्या दिवशी त्यांच्या गाडीखाली सुरुंग फुटला. त्या दिवशी तीच सगळ्यात पुढे होती. मागे बसलेले पाचही जण वाचले.

पुढे महिन्याभराने चौकशी समितीने मायलेकींना बोलावलं. लांबलचक व्हरांड्यात बाकावर वडिलांचा जोडीदार आधीच येऊन बसला होता. तोही ड्रायव्हर. बोलणं दहा घरं ऐकू जाईल असं, म्हणून पलटणीत त्याला 'भोंगा' म्हणत आणि ती लहानपणापासून 'भोंगाकाका'. आज त्याचा आवाज बाकाच्या पलीकडे जात नव्हता. त्याने आईला नमस्कार केला आणि सरकून जागा दिली.

मग दात आवळून सांगू लागला. त्याचा स्वतःचा कागद दोनदा परत आला होता. कोपऱ्यात लाल शाईने शेरा, 'भाषा सुधारून द्यावी.' इतरही बऱ्याच जणांचे असेच परत आले होते. भाषा सुधारायला ते काय शाळामास्तर होते? तिसऱ्या खेपेला त्याने 'गाडी बरी आहे' असं लिहून टाकलं.

"तुझ्या बाबांचा मात्र पहिल्या फटक्यात गेला. आम्हाला तोंडपाठ म्हणून दाखवायचा गं तो. गाढव आलं की सगळी बराक हसायची. म्हटलं, एकाचा पोचलाय ना पुरता, मग माझ्या कागदावाचून कुणाचं काय अडतंय."

सोमवारपासून तुमची ड्युटी कुठे, असं आईने त्याला विचारलं. तोच रस्ता, तसलीच गाडी, असं म्हणून त्याने मान वळवली.

तेवढ्यात आतून बोलावणं आलं. लेकीच्या पिशवीत गाडी पास करणाऱ्यांना जाब विचारणारं चार पानी पत्र होतं. महिनाभर रोज थोडं थोडं करून तिने ते लिहिलं होतं. त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. खोलीत शिरताना तिचा हात पिशवीवर होता. जो कुणी समोर असेल त्याला ती हे पत्र उभ्याने वाचून दाखवणार होती, बसा म्हटलं तरी बसणार नव्हती.

समोर एकच अधिकारी होते, शेजारी संगणकावर जबानी टिपणारा लिपिक. बसा म्हटल्यावर आई बसली, म्हणून तीही बसली.

अधिकारी सभ्य होते, आणि त्यामुळे तिला आणखीच संताप येत होता. त्यांनी खेद व्यक्त केला, रस्त्याचा नकाशा दाखवला, वेळ सांगितली. मग म्हणाले, सर्व चालकांचं मत रीतसर घेतलं होतं. गाडीच्या तळाबद्दल तातडीची तक्रार एकाचीही नव्हती. असती तर गाड्या थांबवण्याचा विचार झाला असता. त्यांनी फायलीतून एक कागद काढला. खुद्द तुमच्या यजमानांचा अभिप्राय समितीने नमुना म्हणून सर्वांत वर लावला आहे, असं आईला सांगून त्यांनी तो वाचला. नम्र सूचनेपाशी येताना त्यांचा स्वर मऊ झाला.

"इतकी संयमी भाषा सैनिकांत क्वचित दिसते," ते म्हणाले.

"हे त्यांचं नाही," आई म्हणाली.

"सही त्यांचीच आहे, ताई."

"सही असेल. मी ओट्याशी उभी होते, साहेब. शब्द न् शब्द ऐकलाय मी. यात गाढव कुठे आहे?"

अधिकाऱ्यांना काही उमगेना. त्यांनी कागद उलटून पाहिला. कुणीतरी मधल्या मधे बदलला, असं आई म्हणू लागली. महिनाभर दाबून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडून सुटलं. मेलेल्या माणसाच्या तोंडी हे असलं गुळमुळीत घालताना तुमच्या लोकांना काहीच वाटलं नाही का, ती विचारत होती. तिने टेबलावरून हात लांबवून कागद स्वतःकडे ओढला, मोठ्या आवाजात पहिली ओळ वाचली, आणि दुसरीच्या मध्यावर थांबली. अक्षर तिच्या ओळखीचं होतं. घरातल्या प्रत्येक डब्यावर तेच अक्षर होतं.

आईने लेकीकडे पाहिलं नाही. कागद हळूच टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

"मी लिहिलंय ते," लेक म्हणाली. "ते वेगळं बोलले होते. मी वेगळं लिहिलं, आणि वाचून दाखवताना त्यांचंच त्यांना ऐकवलं."

लिपिकाची बोटं थांबली. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. मग सावकाश म्हणाले, की हे समजण्यासारखं आहे. वडिलांची निवृत्ती तोंडावर आलेली, मुलीला काळजी वाटणारच; कोणत्याही मुलीने हेच केलं असतं. तसं नोंदवायला समितीची काही हरकत नसेल.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पिशवीतल्या पत्रावरचा हात तिने काढून घेतला.

"नाही," ती म्हणाली. "काळजीने नाही. मला त्यांच्या बोलण्याची लाज वाटायची. लहानपणापासून. माझ्या अक्षरात ते गाढव कुणी वाचायला नको होतं."

लिपिकाने अधिकाऱ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हेही घ्यायचं का, मॅडम?"

"आधी हेच घ्या. मग बाबा काय म्हणाले ते सांगते. माझी भाषा सुधारू नका."