कण्हायला बंदी

निजामाच्या अंमलाची शेवटची काही वर्षं उरली होती. नळदुर्गाजवळच्या एका खेड्यात घराघरांत उंदीर मरून पडू लागले, आणि दोन दिवसांत सगळं गाव माळावर खोपटी टाकून राहायला गेलं. प्लेगाला लोक ओळखून होते. माणसं गाव सोडतात, पण भीती आणि खोटी अब्रू मात्र गाठोड्यात बांधून बरोबर नेतात!

माळावर पंचांनी ठराव केला. ज्या खोपटातून कण्हणं ऐकू येईल, ते त्याच दिवशी ओढ्यापलीकडं हलवायचं आणि त्यांचं पाणी-विस्तव बंद करायचं. ठराव मांडला पंचांतल्याच कल्याणप्पांनी. मोठे शहाणे गृहस्थ! बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की गावात रोज कण्हणारं माणूस त्यांच्याच घरात होतं.

त्यांची सोळा वर्षांची गौरम्मा. चार वर्षं तिचे सांधे सुजत, ठणकत, अंगात कणकण भरे. औषधं, लेप, नवस सगळं झालं होतं. शेजारच्या शांताक्का रोज तिन्हीसांजेला निर्गुडीच्या पाल्यानं तिचे गुडघे शेकायच्या, तेवढाच उतार. आता खोपटा-खोपटांतलं येणं-जाणं बंद झालं, आणि शेकही थांबला.

"गौरा, कन्हू नगंस माय," कल्याणप्पा हळू आवाजात म्हणाले. "आवाज भायेर गेला तर आपल्याला वड्यापल्याड टाकत्याल. तुज्या अव्वाचं काय व्हईल?"

"पर लई दुखतंय, अप्पा."

"चार वर्सं दुखतंयच की! त्यात नवं काय हाय?"

पोरगी गप्प झाली. पदराचा बोळा दातांत धरून पडून राहू लागली. लेक निवांत आहे असं वाटून तिच्या अव्वाला, म्हणजे आई नीलम्माला, हायसं वाटलं. हायसं वाटून घ्यायची घाई माणसाला फार नडते!

चौथ्या दिवशी पाल्याचं गाठोडं घेऊन शांताक्का सरळ आत शिरल्या.

"ठराव हाय, आक्का!" कल्याणप्पा आडवे आले.

"मग टाका मला वड्यापल्याड! पोरीचा शेक चुकून चार दिस झाले."

त्यांनी गौरम्माच्या गुडघ्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. पाय सरळ होत नव्हता. जांघेत लिंबाएवढी प्लेगाची गाठ होती.

"कवापासनं हाय गं ही?"

"परवापासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"कन्हायचं न्हाय, म्हनलं व्हतं."

शांताक्का कल्याणप्पांकडं वळल्या. "काल नळदुर्गाहून डाक्तर आला, दारात हुबा राहून इचारत व्हता. 'हितं कुनी आजारी न्हाय' असं हात जोडून तुमीच सांगितलं न्हवं? पोर वाचंल का न्हाय, ते शिवाला ठावं. पर येकटी तर पडली नसती! दुखनं दडवल्यानं कमी व्हतंय व्हय?"

कल्याणप्पा लेकीच्या उशाशी जाऊन बसले. तेवढ्यात गौरम्मानं डोळे उघडले.

"अप्पा, आता कन्हू का?"

"कन्ह, माय! मोठ्यानं कन्ह!" ते ओरडले.

पण तिच्यात तेवढं बळ राहिलं नव्हतं. सूर्य मावळायच्या आत ती गेली.

लेकीला माती देऊन कल्याणप्पा माळाच्या मधोमध उभे राहिले. "ठराव माजा व्हता, म्याच मोडतो! कुनाच्या घरात दुखतंय, मोठ्यानं सांगा!"

आधी एका खोपटातून कण्हणं आलं, मग दुसऱ्यातून, मग तिसऱ्यातून. एकूण सहा घरं निघाली. ठरावानं रोग अडला नव्हता, नुसता मुका झाला होता. त्या सहा घरांतल्या आजाऱ्यांपैकी दोन माणसं जगली.

पुढं कल्याणप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी विचारायचे, "कुनाचं काय दुखतंय का?" उत्तर मिळेपर्यंत ते उंबऱ्यावरून हलत नसत. म्हातारा भ्रमिष्ट झाला, असं लोक म्हणत.

बंधुभगिनींनो, ज्याचं दुखणं जुनं, त्याचं बोलणं आपल्याला जुनं वाटू लागतं. साथीच्या दिवसांत तर आपण त्याला गप्पच करतो. तसं करू नका! त्याला रोज विचारा, आणि उत्तर येईपर्यंत दारात थांबा.