कंबरेइतकं टेबल

वाफे बावीस, बायका सात, प्लास्टिकचे क्रेट चाळीस आणि बसायला काहीच नाही. मुळा उपटायचा, माती झटकायची, जुडी तिथंच जमिनीवर बांधायची. वाफा संपेपर्यंत पाठ वर करायची नाही. "एकदा उठलं की पुन्हा वाकताना जीव जातो," आई म्हणायची. ती या कामात सव्वीस वर्षं होती. गेल्या महिन्यापासून चपला घालायलाही तिला भिंत धरावी लागत होती.

जुड्या उभ्यानं बांधता याव्यात म्हणून मी मालकांकडे कंबरेइतकं टेबल मागितलं.

"मोजून दाखव," ते म्हणाले. "आकड्यांत दिसलं तर आणतो."

पहिल्या दिवशी मी कोनमापक घेऊन प्रत्येकीजवळ गेले. पाठीचा सरासरी कोन आला बारा अंश. एवढं तर माणूस हरवलेली किल्ली शोधतानाही वाकतं. संध्याकाळी लक्षात आलं, मी जवळ गेले की प्रत्येक बाई उठून उभी राहत होती.

"अगं, शिकलेली पोर समोर आल्यावर तिच्याशी काय वाकून बोलायचं?" शिडी म्हणाली. सगळ्यांत उंच, म्हणून ती शिडी.

"उठत जा बाई तू," शेजारची म्हणाली. "आम्हाला तेवढीच सावली."

दुसऱ्या दिवशी मी बांधावर बसून लांबून फोटो काढले आणि त्यांवर कोन मोजले. सहा जणी नव्वदच्या आसपास. आईचा एकही फोटो कामाचा निघाला नाही. मालक दिवसभर शेतात होते आणि ते दिसले की ती लगबगीनं गुडघे टेकून बसायची आणि उगाच क्रेट आवरायची.

"आई, अशानं टेबल येणार नाही."

"आणि मी मोडलेय हे दिसलं, तर टेबलाआधी माझ्या जागी दुसरी येईल. तुझं बरंय, मोजून मोकळी होशील."



तिसऱ्या दिवशी मालकांनी वाफ्याच्या टोकाला उभं राहून फोटो पाहिले. "वाकतात हे मलाही दिसतं गं. पण उठल्या की झालं, लगेच चालायला लागतात."

आई आमच्यापासून दोन हातांच्या अंतरावर वाकलेलीच होती. तिनं हातातली जुडी बांधून क्रेटमध्ये ठेवली.

"पोरी, घड्याळ लाव," ती खाली बघतच म्हणाली. "मालक, तुम्हीपण बघा. मध्येच जायचं नाही."

तिनं हात गुडघ्यांवर ठेवले. मग मांड्यांवर. अर्ध्यात ती थांबली. शिडी पुढं सरकली, पण आईनं मानेनंच नको म्हटलं. मालकांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, मग परत तिच्याकडे. तिची नजर आमच्या चेहऱ्यांपर्यंत आली, खांदे मागं गेले, तेव्हा मी बटण दाबलं.

बेचाळीस सेकंद.