सायलेन्सरची पट्टी

धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून रघू घरी येत होता, तेव्हा नागोठण्याच्या पुढे मोटारसायकलीच्या खालून असा खडखडाट सुरू झाला की रस्त्याकडेची गुरंसुद्धा बिथरली. उतरून पाहतो तर सायलेन्सर एका बाजूने लोंबतोय. त्याला चौकटीशी धरून ठेवणारी लोखंडी पट्टी मधोमध तुटली होती. रघूने कुंपणाची तार शोधून सायलेन्सर कसाबसा बांधला आणि गाडीला चुचकारत पेणजवळचं आपलं खाडीकाठचं गाव गाठलं.

गाडी थोरल्या भावाची, दत्तात्रेयची. दत्तू काविळीने गेला आणि गाडी रघूकडे आली. दत्तूने ती तळहाताच्या फोडासारखी जपलेली. म्हणून सुट्टीच्या दिवशी रघूने पेणहून नवी पट्टी आणली आणि मेकॅनिककडे न जाता अंगणातच गोणपाट अंथरलं.

जुने बोल्ट गंजलेले. रॉकेल सोडून, थोडं थांबून, पाना लावल्यावर ते सुटले. नवी पट्टी त्याने जागेवर धरली, तर भोकाला भोक जुळेना. अंगठ्याएवढं अंतर राहत होतं. उलटी धरली, तर आणखीच लांब. दुकानदाराने दुसऱ्याच गाडीची दिली म्हणावं, तर त्याच्याकडची तशीच जुनी गाडी रघूने स्वतः पाहिली होती, तिला अशीच पट्टी होती.

मग त्याने तुटलेले तुकडे जोडून नव्या पट्टीशेजारी ठेवले. जुनी पट्टी चांगलीच लांब होती, जाड होती, आणि तिचं भोक कानशीने घासून वाढवलेलं. म्हणजे ही मुळात या गाडीची नव्हतीच. गंज खरवडला तर काळ्या रंगाखाली गुलाबी रंग निघाला. गणपतीच्या अंगाला देतात तसला. रघू त्या तुकड्याकडे बघतच राहिला. खाली वाकून पाहिलं तर सायलेन्सरच्या नळीवर घासल्याची लांब खूण होती आणि नळी जराशी आत दबलेली होती. गाडी केव्हातरी चांगलीच आपटली होती.

ओटीवर काशीबाई तांदूळ निवडत बसली होती.

"आय, दादा कधी गाडीवरून पडला व्हता काय?"

"दत्तू? तो कशाला पडंल." ती सुपातले खडे टिपत राहिली. "कोण म्हणला तुला?"

"कोण नाय. असंच."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुपात बोटं घातली.

तेवढ्यात चंद्रावती, त्याची वहिनी, चहा घेऊन आली. रघूने तुकडा तिच्यापुढे धरला. "वहिनी, बघ बरं. लोखंडाला असला रंग कोण देतं?"

तिने कप खाली ठेवला, तुकडा हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, "ही माझ्या बाबांनी केलीय."

तिचं माहेर हमरापूरचं. वडील मूर्ती करायचे. मोठ्या मूर्तीला आतून आधाराला घालायच्या पट्ट्यांतली ही एक, हाताशी होता तो रंग मारलेली, वर काळा दिलेला.

"पण गाडीला कशाला?"

"मी पडले व्हते म्हणून."

"दादाच्या मागं बसून?"

"मागं कशाला? पुढं."

रघूला काही उमजेना. वहिनी म्हणजे चूल, विहीर, मिठाच्या दिवसात मिठागर. ती पुढे बसली म्हणजे काय? तिने ओटीकडे एकदा पाहून सांगितलं. माहेरी जायच्या निमित्ताने दत्तू तिला हमरापूरच्या बाजूला न्यायचा आणि शेतातल्या सुन्या वाटेवर गाडी तिच्या हातात द्यायचा. एकदा वळण चुकलं आणि ती बांधावरून गाडीसकट खाली गेली. घरी कळू नये म्हणून दुरुस्ती माहेरीच केली.

"मला तर त्याने हँडलला हात लावू दिला नाय कधी," रघू म्हणाला. आपल्याला राग आलाय की वाईट वाटतंय, हेच त्याला कळेना. ज्या भावाच्या अंगाखांद्यावर वाढलो, तो हाच का?

"तुम्ही लय जोरात पळवाल, म्हणायचे ते."

रघूने पाना उचलला. नळी दबल्यामुळे सायलेन्सर खाली उतरला होता, एवढं आता लक्षात आलं. त्याने इंजिनाकडचे दोन्ही नट सैल केले, तशी नळी हलायला लागली. "ती मागून जरा वर धर," तो म्हणाला. चंद्रावतीने पदर खोचला आणि दोन्ही हातांनी सायलेन्सर उचलून धरला. भोकं समोरासमोर आली. बोल्ट हाताने फिरवून बसवला, आधी पुढचे नट आवळले, मग मागचा. किक मारली. खडखड गेली होती.

"बसतेस?" रघूच्या तोंडून निघून गेलं. आपण असं का विचारलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

ती नाही म्हणेल असं त्याला वाटलं. तिने चपला काढून बाजूला ठेवल्या, निऱ्या आवरल्या आणि ती हँडल धरून बसली. गाडी एक झटका खाऊन अंगणातून बाहेर पडली आणि बांधाच्या वाटेला लागली. रघू हातात पाना घेऊन तसाच उभा. मागून धावावं की आईला काहीतरी सांगून गप्प करावं? तोवर काशीबाई ओटीवरून उतरून त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली होती.

"आय, ती आपली..."

"दिसतंय मला."

गाडी बांधाच्या टोकाला थांबली, अडखळत वळली आणि परत येऊ लागली. अंगणाच्या तोंडाशी ती बंद पडली. चंद्रावती सासूला बघून जागच्या जागी थिजली.

"अनवाणी कशाला गेलीस गो?" काशीबाई म्हणाली. "वाटेवर काटे किती हायत." आणि ओटीवरचं सूप उचलून आत गेली.

आईला हे सगळं ठाऊक होतं की आत्ताच कळलं, हे रघूला काही केल्या समजेना. त्याने वहिनीकडे पाहिलं. तीही त्याच्याकडेच बघत होती, आणि तिलाही ते माहीत नव्हतं.